लातूरहून इटोशाला

मार्च ते सप्टेंबर : तयारी

"उन्हाळा बघायला एवढ्या लांब कशाला जायलीस?" आत्याबाईंनी विचारलं, तेव्हा मी नळाखाली शेवटची घागर भरून घेत होते. लातुरात त्या महिन्यात आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. सासूबाईंचा प्रश्न रास्तच होता. पाऊस नाही म्हणून डोळे आभाळाकडं लावून बसणारी माणसं आम्ही, आणि फिरायला निघालो ते वाळवंटाच्या देशात.

ही सगळी लेकाची करणी. १७ सप्टेंबर २०२२ ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून तो शाळेतून आला, तेव्हा टीव्हीवर आफ्रिकेतल्या नामिबियातून आणलेले आठ चित्ते कुनोच्या जंगलात सोडताना दाखवत होते. हातातला कागदी झेंडा तसाच धरून तो दोन तास टीव्हीसमोरून हलला नाही. "आई, ते जिथून आले तिथं जायचं का?" त्या दिवसापासून दर महिन्याला एकदा तरी हा प्रश्न ठरलेला. शेवटी २०२४ साली घराच्या रंगकामाला लागणारे पैसे आम्ही बाजूला काढले आणि नकाशा उघडला.

नामिबियाचा नकाशा पाहताना पहिली फसगत होते ती अंतराची. क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश, आणि माणसं सगळी मिळून तीस लाखांच्या आसपास. नकाशावर दोन बोटांचं अंतर प्रत्यक्षात दिवसभराची गाडी. मी पहिल्यांदा जो बेत आखला त्यात दक्षिणेची मोठी घळ होती, ईशान्येच्या नद्या होत्या, उत्तरेकडचा सागरकिनारा होता. दहा दिवसांत चार हजार किलोमीटर. दीर ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतात, गाडी तेच हाकणार होते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, आपण जनावरं बघायला जायलोत का रस्ता मोजायला?"

त्या रात्री मी अर्धा बेत खोडला. खोडताना जीव तुटला, पण त्या खोडण्यानंच आमची सहल वाचवली. इटोशा राष्ट्रीय उद्यानाला चार रात्री दिल्या, लाल वाळूच्या टेकड्यांना दोन, समुद्राला दोन. बाकी सगळं सोडलं. कुणी मला विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगेन : ठिकाणं कमी करा, रात्री वाढवा.

दुसरा प्रश्न महिन्याचा. तिकडं पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात रान हिरवं, डबकी जागोजाग, त्यामुळं जनावर कुठंही पाणी पितं आणि दिसत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे त्यांचा कडक उन्हाळ्याकडचा काळ, रानात पाण्याचा टिपूस नसतो आणि मोजक्या पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं. मला हे समजावून सांगायला पुस्तक लागलं नाही. माझ्या आजोळी चैत्र-वैशाखात एकाच विहिरीला पाणी राहायचं, आणि तिच्या कडेच्या हाळावर गावातली सगळी गुरं, शेळ्या, मोर, कोल्हे आपापल्या वेळेला येऊन जायचे. कोण कधी येतं हे आजीला पाठ होतं. इटोशा म्हणजे तो हाळच, फक्त बावीस हजार चौरस किलोमीटरचा.

सप्टेंबर ठरला. त्यावर आत्याबाईंचा दुसरा आक्षेप : पितृपंधरवडा. सर्वपित्री २ ऑक्टोबरला होती. त्या आत घरी येऊ, पान मी स्वतः वाढीन, असा शब्द दिला तेव्हा त्या राजी झाल्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी ते पाहून घ्यावेत. आमचं विमान आदिस अबाबामार्गे होतं, त्यामुळं पिवळ्या तापाची लस घेऊन टाकली. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं असतं. दिरांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तिकडं गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, ही मोठी सोय. आणि सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे उद्यानाच्या आतल्या मुक्कामांचं आरक्षण. इटोशात ओकाकुयो, हलाली, नामुतोनी असे सरकारी मुक्काम आहेत. फाटकं सूर्योदयाला उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात. आत राहिलं तरच रात्रीचा पाणवठा पाहायला मिळतो. आम्ही मार्चमध्ये विचारलं तरी ओकाकुयोला दोनच रात्री मिळाल्या. त्याही तंबूच्या जागेवर.

शिधा घरचा. येसर, शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ, मेतकूट, सगळं बंद पाकिटांत आणि वर नाव लिहिलेलं. जाऊबाईंच्या लेकीची बारावी, म्हणून त्या येणार नव्हत्या. पण चटणी त्यांनीच कुटून दिली, तीही दोन किलो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी अनंत चतुर्दशीचं विसर्जन, रात्री मुंबईची गाडी. लेकानं कागदी झेंडा बॅगेत ठेवला. दोन वर्षांपूर्वीचाच.

१९ सप्टेंबर, विंडहोक

विमानतळ गावापासून पंचेचाळीस किलोमीटर दूर, आणि खिडकीतून पाहिलं तर सगळीकडं पिवळं गवत, काटेरी झुडपं. नवरा म्हणाला, "औशाच्या माळावर उतरलो की काय." खरंच तसं वाटत होतं. फक्त कुठंही माणूस नव्हता.

गाडी ताब्यात घ्यायला दीड तास लागला आणि तो लागू द्यावा. चारही चाकांना ताकद असलेली, मागं सामानाचा हौदा, टपावर उघडणारे दोन तंबू, छोटा फ्रीज, दोन स्टेपन्या. देणाऱ्यानं तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या : खडीच्या रस्त्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही, चाकांतली हवा डांबरावरच्यापेक्षा कमी ठेवायची, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कारण कुडू नावाचं मोठं हरीण दिव्यासमोर उडी घेतं. हवेचं ऐकून दीर खूश झाले. "नांगरटीला ट्रॅक्टरची हवा कमी करतो तसंच की."

संध्याकाळी खोलीतल्या नळाचं पाणी मी पेल्यात धरून बराच वेळ पाहत बसले. विंडहोक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतं. असं करणारं ते जगातलं पहिलं शहर. शहराच्या पाण्याचा साधारण पाव हिस्सा या मार्गानं येतो. वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावानं जवळजवळ साठ वर्षांपूर्वी हा विचार केला. आमच्या लातूरला त्याच्या दुपटीनं पाऊस पडतो, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा डबे होते, पाच लाख लिटर. त्याआधी टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली होती. तेव्हा लेक चार वर्षांचा होता. त्याला काखेत घेऊन मी टँकरच्या रांगेत उभी राहिले आहे. मी तो पेला पूर्ण प्यायले. चव आपल्या नळाच्या पाण्यासारखीच.

२० सप्टेंबर, सेस्रीम

साडेतीनशे किलोमीटर, त्यातले बहुतेक खडीचे. रस्ता रुंद आणि सरळ, पण वर लाटा उठलेल्या, पत्र्याच्या छपरावरून गाडी चालल्यासारखं अंग थरथरत राहतं. सॉलिटेर नावाच्या वस्तीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा अपुरी. गाडी देणाऱ्यांनी तपासली नव्हती आणि ताब्यात घेताना आम्हीही दाबून पाहिली नव्हती. गाडीत हवा भरायचा छोटा पंप होता म्हणून निभावलं. दुपारचं ऊन, सावलीला एक झाड नाही, मी लेकाच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला. पाऊण तासानं एक पिकअप आली. त्या शेतकऱ्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, दिरांचे काळे हात पाहिले, नट घट्ट झालेत का स्वतः पाहिलं, पाण्याची बाटली दिली आणि मगच गेला. त्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीपाशी कुणी न थांबता जात नाही, असं पुढं सॉलिटेरच्या पेट्रोल पंपावर कळलं. पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. पुढचा पंप शंभर-दीडशे किलोमीटरवर असू शकतो.

मुक्काम लाल टेकड्यांच्या उद्यानाच्या फाटकाच्या आत घेतला होता. त्याचं कारण उद्या.

२१ सप्टेंबर, लाल टेकड्या

आतल्या मुक्कामाला असलेल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी पुढं सोडतात, बाहेरच्यांना उजाडल्यावर. एवढ्या एका तासासाठी आम्ही तंबूची जागा महिनोन्महिने आधी धरली होती, आणि तो तास सगळ्या पैशांचं मोल देऊन गेला. साठ किलोमीटर डांबर, शेवटचे पाच वाळू. वाळूत दिरांनी हवा आणखी उतरवली. उजेड आला तसा एकेक टेकडी पेटत गेली. एक बाजू केशरी, दुसरी काळी, मधली धार सुरीसारखी.

डेडफ्लेला पायी जावं लागतं. टेकड्यांच्या मध्ये पांढऱ्या मातीचं तळ, भेगाळलेलं, आणि त्यात उभी वाळलेली काळी झाडं. सौचाब नदीचं पाणी कधीकाळी इथवर येत होतं. वाळू सरकत आली, वाट बंद झाली, झाडं तहानेनं मेली. त्याला सहाशे-सातशे वर्षं झाली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत. लोक फोटो काढत होते. मला २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडं पाहिलेल्या मोसंबीच्या बागा आठवल्या, ओळीत उभ्या, पानं झडलेल्या. त्या शेतकऱ्यानं तरी त्या तोडून सरपण केल्या. इथं तोडणारं कुणी नव्हतं. मी एका खोडाला हात न लावता अगदी जवळून पाहिलं. सालीच्या रेषा अजून स्पष्ट आहेत, उन्हानं भाजून कोळशासारख्या झालेल्या.

परतताना एका टेकडीच्या सावलीत एकटा ऑरिक्स उभा होता. तलवारीसारखी सरळ शिंगं, तोंडावर काळे-पांढरे पट्टे. हा नामिबियाचा राष्ट्रीय प्राणी. उन्हात त्याच्या अंगाचं तापमान आपल्याला झेपणार नाही इतकं चढतं, पण मेंदूकडं जाणारं रक्त मेंदूच्या बुडाशी असलेल्या बारीक शिरांच्या जाळ्यात, नाकातून थंड होऊन आलेल्या रक्तामुळं आधी थंड होतं, म्हणून तो तग धरतो. आम्ही गाडी बंद करून वीस मिनिटं पाहिलं. तो एकदाही हलला नाही. हलणं म्हणजे पाणी खर्च करणं.

दुपारी सेस्रीमची घळ. एखाद किलोमीटर लांब, तीस मीटर खोल. नावाचा अर्थ 'सहा वाद्या'. जुन्या काळी बैलगाड्यांनी येणारे लोक बैलांच्या सहा कातडी वाद्या एकमेकींना बांधून घळीतलं पाणी शेंदायचे, तेव्हा बादली पोचायची. हे वाचून मी तिथल्या कठड्यापाशीच खाली बसले. आजोळच्या ओसरीत मोटेचा वाळून कडक झालेला नाडा खुंटीला टांगलेला असायचा. आजोबा सांगायचे, पाणी खाली गेलं की नाड्याला गाठ मारून लांबवायचा. गावात पाण्याची खोली हातांत किंवा पुरुषांत, म्हणजे माणसाच्या उंचीत, मोजायचे. इथं ती वाद्यांनी मोजली, आणि तेच गावाचं नाव होऊन बसलं.

रात्री चंद्र उशिरा उगवणार होता, तोवर आभाळ नुसतं चांदण्यांनी भरलेलं. येसराची आमटी, भात, चटणी.

२२ आणि २३ सप्टेंबर, समुद्राकडं

वाटेत मकरवृत्ताची पाटी लागते. लेकाला भूगोलाच्या पुस्तकातली तुटक रेघ जमिनीवर शोधायची होती. ज्या दिवशी आम्ही तिथं होतो तो विषुवदिन, रात्र आणि दिवस सारखे. हे जुळून आलं याचाच त्याला केवढा आनंद.

किनाऱ्यावर वर्षाला पंचवीस मिलिमीटरही पाऊस नाही, पण समुद्रातल्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळं धुकं येतं. त्या धुक्यावर अख्खी जीवसृष्टी जगते. स्थानिक वाटाड्यानं सकाळी वाळूत नेलं आणि टेकडीच्या माथ्यावर एक काळा भुंगेरा दाखवला, नखाएवढा. डोकं खाली, मागचा भाग वर, वाऱ्याकडं तोंड करून उभा. पाठीवर धुकं जमून थेंब होतो, तो घरंगळत तोंडापर्यंत येतो. लेक पोटावर आडवा झाला आणि नाक वाळूला टेकवून पाहत राहिला. थेंब कड्यापर्यंत आला, थरथरला, घसरला. मी आयुष्यात खूप पाणी भरलं, पण पाण्याचा एक थेंब कमावताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

वॉल्विस बेच्या खाडीत हजारो रोहित पक्षी. पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर आम्ही ते पाहिलेत, पण तिथं दुर्बिणीतून. इथं रस्त्याच्या कडेला.

२४ सप्टेंबर

दिवसभर गाडी. ओचिवारोंगोला मुक्काम.

२५ सप्टेंबर, चित्ते आणि कुत्रे

गावापासून चव्वेचाळीस किलोमीटरवर चित्ता संवर्धनाची मोठी संस्था आहे, १९९० साली लॉरी मार्कर यांनी सुरू केलेली. लेकासाठी हीच पंढरी. कुंपणामागचे चित्ते पाहिले, त्यांचं धावणं पाहिलं. पण माझं मन अडकलं ते कुत्र्यांत.

रानातले चित्ते जगात सगळ्यात जास्त नामिबियात आहेत आणि त्यातले बहुतेक अभयारण्यात राहत नाहीत, शेतकऱ्यांच्या कुरणांत राहतात. शेळ्या-वासरं मारतात म्हणून १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी हजारो चित्ते मारले. या संस्थेनं १९९४ पासून तुर्कस्तानातल्या जातीचे धिप्पाड राखणदार कुत्रे शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं असतानाच शेळ्यांत सोडतात, ते त्यांनाच आपलं कुटुंब समजतं. कुत्रा भुंकत पुढं आला की चित्ता झुंजत नाही, निघून जातो; त्याचं शरीर धावण्यासाठी आहे, जखम झाली तर शिकार संपली. शेळ्या वाचतात, म्हणून चित्ता वाचतो.

आमच्याकडं धनगरांच्या कळपांसोबत कुत्री असतात, लांडग्यापासून राखायला. हे शहाणपण आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या आहे. भावाच्या तुरीत रोही आणि रानडुकरं शिरतात तेव्हा त्याचा राग मी पाहिलाय. जनावर वाचवायचं तर ज्याचं पीक आणि ज्याची शेळी जाते त्याच्या दारातून सुरुवात केली पाहिजे, हे मला तिथल्या एका सुस्त झोपलेल्या कुत्र्याकडं बघून पटलं.

तिथून डांबरानं त्सुमेबमार्गे संध्याकाळी इटोशाच्या पूर्व फाटकातून आत. नामुतोनीला जुना जर्मन किल्ला आहे, पांढराशुभ्र.

२६ सप्टेंबर, पांढरं तळं

इटोशा म्हणजे स्थानिक बोलीत 'मोठी पांढरी जागा'. उद्यानाच्या पोटात जवळजवळ ४,८०० चौरस किलोमीटरचं खारट, कोरडं तळ आहे. चांगल्या पावसात काही आठवडे त्यात ओंजळभर खोल पाणी येतं, एरवी पांढरी भुई क्षितिजापर्यंत. एका जागी गाडी त्या तळावर नेता येते. इंजिन बंद केलं. काहीच ऐकू येईना. आपल्या कानातला आवाजच ऐकू येत होता.

या तळाच्या दक्षिण काठानं झरे आहेत, शिवाय बोअर घेऊन केलेले पाणवठे. नकाशात त्यांची नावं असतात आणि सगळे एकामागून एक गाड्या पळवत असतात. आम्हीही दुपारपर्यंत तेच केलं. सात पाणवठे, प्रत्येकी दहा मिनिटं. झेब्रे दिसले, जिराफ दिसले, पण सगळे आपले पाठमोरे. हलालीच्या जवळ आल्यावर नवरा म्हणाला, "आता एका जागी बसू." मोरिंगा नावाच्या पाणवठ्याच्या वर दगडांत बसायची जागा आहे. दिवस मावळेपर्यंत बसलो. तीन तासांत आम्ही सकाळभरात पाहिलं त्याहून जास्त पाहिलं.

रात्री हनी बॅजर येऊन आमच्या धपाट्यांची पिशवी घेऊन गेला. खाण्याचं सामान गाडीत बंद करा अशी पाटी होती. चूक आमची, आणि जनावरालाही त्यानं वाईट सवय लागते.

२७ आणि २८ सप्टेंबर, ओकाकुयो

वाटेत नेब्राउनीच्या पाण्यावर हत्ती होते, चुन्यानं माखून पांढरे झालेले. ओकाकुयोचा पाणवठा मुक्कामाच्या कुंपणाला लागून आहे. मध्ये बुटकी दगडी भिंत, अलीकडं बाकं, रात्री मंद पिवळा दिवा. आम्ही बाकावर सतरंजी टाकली आणि दोन दिवस तिथंच राहिलो. गाडीची किल्ली दिरांनी तंबूत ठेवून दिली.

पहिल्या रात्री साडेनऊला काळा गेंडा आला. आधी आवाज, दगडावर खूर. मग अंधारातून अंधाराचाच एक तुकडा वेगळा झाला. वरचा ओठ पुढं आलेला, झुडपं ओढून खाण्यासाठी. पाण्यापाशी येऊन तो थांबला, कान फिरवले, दोन मिनिटं काहीच केलं नाही, आणि मग पिऊ लागला. पिण्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. शंभरेक माणसं बाकावर होती आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. गेंड्याचे फोटो ठिकाणासह लगेच टाकू नयेत, शिकारी त्यावरून माग काढतात, म्हणून आम्ही ते अजूनही कुणाला पाठवलेले नाहीत.

पण सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी आठला एक सिंहीण पाण्याच्या काठावर येऊन पडली. प्यायली, आणि तिथंच सावलीला आडवी झाली. साडेआठला क्षितिजावर धुळीची रेघ दिसली. झेब्रे. एकामागं एक, वारीतल्या दिंडीसारखे, पुढं एक वयस्क मादी. शे-दीडशे पावलांवर ती थांबली. तिच्यामागची सगळी रांग थांबली. मग दुसऱ्या बाजूनं आणखी एक रांग. मग स्प्रिंगबोक हरणं, चारशेच्या वर असतील. ऑरिक्स. दोन कुडू. दहा वाजेपर्यंत पाणवठ्याभोवती मोठं गोल रिंगण झालं, आणि मधे पाणी, आणि पाण्याशी एक झोपलेली सिंहीण.

ऊन चढत गेलं. शिंगरं आयांच्या सावलीत उभी होती. मधूनच एखादा झेब्रा चार पावलं पुढं यायचा, सिंहिणीचा कान हलायचा, तो मागं सरायचा. ढकलाढकली नव्हती, पण प्रत्येक मान पाण्याकडं होती. दोन तास झाले, अडीच झाले. लेकानं मला हळूच विचारलं, "आई, ते घरी का जात नाहीत?" मी म्हणाले, "घरी पाणी नाही बाळा." आणि माझा आवाज भरून आला. कारण मला माहीत होतं ते. टँकर आलेला असतो, वरचं झाकण बंद असतं, कुणाचा तरी फोन यायचा असतो, आणि तोवर घागरी घेऊन उभं राहायचं. ऊन कितीही असो, जागा सोडायची नाही. ती मान मी ओळखते.

त्या वर्षी नामिबियात शंभर वर्षांतला सगळ्यात वाईट म्हणावा असा दुष्काळ होता. मे महिन्यात आणीबाणी जाहीर झाली होती, आणि ऑगस्टमध्ये सरकारनं ७२३ वन्यप्राणी मारून त्यांचं मांस भुकेल्या लोकांना वाटायचं ठरवलं होतं. त्यात ८३ हत्ती, ३०० झेब्रे. ते इटोशातले नव्हते, इतर उद्यानांतले आणि भागांतले होते. ही बातमी इकडं वाचली तेव्हा मला संताप आला होता. त्या बाकावर बसून तो तसाच राहिला नाही. पाणी आणि चारा उरला नाही की माणूस आणि जनावर एकाच रांगेत येतात, आणि त्या रांगेत उभं राहिलेल्याला लांबून शहाणपण सांगू नये एवढं मला कळतं.

अकराला हत्ती आले. बावीस मोजले. शेवटच्या अंतरात पाण्याचा वास लागल्यावर पिल्लं अक्षरशः पळत सुटली, सोंडा इकडंतिकडं उडत. पुढच्या हत्तिणीनं कान पसरले आणि एकदाच खणखणीत आवाज दिला. सिंहीण उठली, आळोखेपिळोखे न देता सरळ झुडपात निघून गेली. हत्ती पाण्यात शिरले. आणि त्यांच्या मागोमाग, सगळ्या बाजूंनी एकदम, रिंगण आत सरकलं. हजार तोंडं पाण्याला लागली. तो आवाज मला शब्दांत धरता येत नाही. पावसाची पहिली सर पत्र्यावर येते तेव्हा सुरुवातीला जसा होतो, काहीसा तसा.

नवऱ्यानं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. सकाळपासून मीही प्यायले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

२९ सप्टेंबर

सव्वाचारशे किलोमीटर विंडहोक गाठायचं होतं. दीर म्हणाले, "वहिनी, नऊला निघू, तोवर बसून घ्या."

साडेआठला पखुर्ड्या आल्या. आपल्या माळरानावरची पखुर्डी ओळखीची आहे. मातीच्या रंगाची, पायाखालून भुर्रकन उडेपर्यंत दिसत नाही. या नामाक्वा जातीच्या, तिच्याच कुळातल्या. आकाशात आधी बोलणं ऐकू आलं, मग थव्यामागून थवे काठावर उतरले. माद्या घाईनं चार घोट पिऊन उडाल्या. एक नर मात्र पोटापर्यंत पाण्यात जाऊन बसला आणि अंग डावी-उजवीकडं हलवू लागला, पिसं फुगवून, पुन्हा पुन्हा. लेकाला वाटलं तो अंघोळ करतोय.

मी त्याला सांगितलं. याच्या पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात. पिल्लं कुठंतरी लांब उघड्या रानात आहेत, त्यांना उडता येत नाही. हा ते पाणी पोटाला घेऊन वीस-तीस किलोमीटर उडत जाणार, तिथं उभा राहणार, आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली येऊन पिसं चोखून पाणी पिणार. वाटेत उन्हानं बरंचसं वाळतं. उरलेलं पुरतं.

लेक बोलला नाही. त्यानं घड्याळ लावलं. नर पाच मिनिटांहून जास्त पाण्यात बसला होता. आजूबाजूच्या पखुर्ड्या उडाल्या, कोल्हा काठाला येऊन गेला, तरी तो अंग हलवत राहिला. मग उठला, जड झाल्यासारखा, पाण्यावरून खाली खालीच उडत गेला, आणि पांढऱ्या तळाच्या दिशेला लहान लहान होत दिसेनासा झाला. दिरांनी गाडी सुरू केली होती. लेक भिंतीपाशीच उभा होता, हात कपाळावर धरून.

"आई, पोचला असंल का गं?"

"अजून नाही," मी म्हणाले. "अजून बराच लांब आहे."

आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो.